हात चौकटीत, मान खाली

टॉवेलची घडी घालताना तुम्ही कुठे बघता?

नीट आठवून सांगा. टॉवेलकडे नक्कीच बघत नसाल. टीव्हीकडे बघत असाल, गॅसवरच्या दुधाकडे, नाहीतर ज्याच्याशी वाद चाललाय त्याच्या तोंडाकडे. घडीला डोळे लागत नाहीत, ती हातांना येते. माझ्या आईनं अर्धं आयुष्य टॉवेलच्या घड्या घालण्यात काढलं आणि त्या सगळ्या काळात तिनं टॉवेलकडे क्वचितच पाहिलं असेल. आता तिला टॉवेलकडेच बघावं लागतं. सकाळी कामाला लागल्यापासून सुटेपर्यंत. नजर हलली की काम बाद.

आई सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात घडीच्या टेबलावर आहे. मोठ्या हॉटेलांच्या न्हाणीघरात असतात तसले जाड, पांढरे, परदेशी जाणारे टॉवेल. विणून, धुऊन, कडा शिवून झाले की ते या टेबलावर येतात. दोन्ही बाजूंना बायका समोरासमोर उभ्या असतात. कोपऱ्याला कोपरा, मग अर्धी घडी, मग तिची तीन पदरी, वर तळव्याची एक थाप आणि टॉवेल गठ्ठ्यावर. शाळा सुटली की मी तिथे जायची आणि गठ्ठ्यांना टेकून बायकांचं बोलणं ऐकायची. कुणाची सून रुसली, कुणाच्या गुडघ्याला कोणता डॉक्टर लागू पडला, नवी पेठेत कुठल्या दुकानदारानं भाव सांगताना कशी मान तिरकी केली. एकमेकींच्या तोंडाकडे बघत सगळ्या बोलायच्या आणि खाली हात आपले चालू. पगार तुटपुंजा होता, संध्याकाळी पाय सुजायचे, हे मला माहीत आहे. मी त्या कामाचे गोडवे गात नाही. पण त्या टेबलावर जेवढं हसणं ऐकलं तेवढं मी कुठल्या लग्नघरातही ऐकलेलं नाही.

वडील, म्हणजे आमचे आण्णा, यंत्रमाग कामगारांच्या युनियनच्या कचेरीत होते. त्यांचं खरं काम पत्रकं लिहिण्याचं. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या कॉटखाली असायचे. गुलाबी, पिवळे, पातळ कागद. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. शाळेतल्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, आमच्या घरी बोनस आणि टाळेबंदी. पत्रकाचा एकच नियम आण्णांनी मला शिकवला. "पहिली ओळ कुणाला उद्देशून आहे ते आधी ठरव. ते ठरलं की बाकीचं पत्रक आपणहून लिहून होतं."

मी आता नवी पेठेमागच्या गल्लीत एका फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लिहायचं काम करते. भावी नगरसेवकांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. पहिली ओळ कुणाला उद्देशून आहे हा प्रश्न तिथे पडत नाही.

मग अमेरिकेनं आपल्या मालावर जबर कर लावला. तुम्ही ती बातमी वाचली असेल आणि पान उलटलं असेल. घडीच्या टेबलावर ती बातमी धाकट्या मालकांनी आणली. कारखान्याच्या मालकाचा हा मुलगा, एरवी टेबलाकडे फिरकत नसे. त्या दिवशी आला आणि म्हणाला, "रशियाचं तेल घेतो म्हणून आपल्याला दंड लावलाय."

"आमच्यात तर शेंगतेल हाय की," आई म्हणाली. "रशियाचं कुणी आणलं?"

"धाकट्या मालकांच्या घरी बघा," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "भजी लई खुसखुशीत होत्यात तितली."

सगळ्या हसल्या. धाकटे मालकही हसले, मग त्यांचं हसू तसंच विरलं आणि ते आत निघून गेले. अमेरिकेच्या अध्यक्षांचं नाव बायकांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्यांना 'थोरले मामंजी' करून टाकलं होतं. कुठेतरी माडीवर बसलेले, कशावरून चिडतील याचा नेम नाही, आणि चिडले की सुनांचं जेवण बंद. रोज सकाळी कामाला लागताना कुणीतरी विचारायचंच, "आज काय म्हनाले मामंजी?"

मामंजींचा कर कधी चढायचा, कधी उतरल्याची बातमी यायची. गिऱ्हाईक मात्र 'थांबा' एवढंच कळवायचं. एका हॉटेलसाठी तयार झालेला माल प्लास्टिकमध्ये बांधून गोदामात पडून राहिला. हातातलं काम आठवड्यातल्या निम्म्या दिवसांवर आलं.

आण्णा आता घरीच असतात. गुडघे आणि युनियन, दोन्ही गेलेले. पण ते ताडकन उठले. "पत्रक काढू या!"

"कुनाविरुद्द?" आईनं विचारलं.

"मालकाविरुद्ध."

"त्यो सोताच डोक्याला हात लावून बसलाय."

"मग सरकारविरुद्ध."

"कुटल्या? हितल्या का तितल्या?"

आण्णा जुन्या सवयीनं म्हणाले, "वेळ आली तर संप करावा लागेल."

"अवो, संप तर गिऱ्हाइकानंच केलाय की," आई म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

मला तेव्हा आईचाच राग आला होता. एवढी वर्षं ज्या घोषणांवर आपण जगलो त्या तिनं एका वाक्यात वाळत घातल्या असं वाटलं. आता वाटतं, आमच्या घरात परिस्थिती सगळ्यांत आधी तिला कळली होती. भांडायची तयारी होती आणि समोर कुणी नव्हतं.

नंतर एक दिवस धाकटे मालक आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आले. हातात मोबाइल, त्यावर मशीननं भाषांतर केलेला इंग्रजी मजकूर. 'कृपया हातांचा समावेश सुनिश्चित करा' असं काहीतरी. ते म्हणाले, "बायकांना कळेल असं करून दे. भिंतीवर लावायचंय."

मी मजकूर वाचला आणि हे कशासाठी असं विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. परदेशात एक कंपनी माणसासारखे दोन हात असलेलं यंत्र बनवतेय. घरकाम करणारं. त्याला टॉवेलची घडी घालायला शिकवायचीय. यंत्र बघून शिकतं, त्यामुळे त्याला माणसांचे हात दाखवावे लागतात, पुष्कळ हात, पुष्कळ वेळ. बायकांच्या कपाळाला पट्ट्यानं मोबाइल बांधायचा, कॅमेरा खाली टेबलाकडे, हात कायम त्याच्या चौकटीत. त्या घड्या घालणार, मोबाइल टिपणार. मधली एजन्सी टेबलाचं भाडं आणि बायकांची मजुरी देणार.

"माल विकायचा नाही, पाठवायचा नाही, नुसती घडी घालायची आणि मोडायची," ते म्हणाले. "अशी ऑर्डर आमच्या आजोबांच्या स्वप्नातसुद्धा आली नसती."

"आणि यंत्र शिकल्यावर?"

"शिकू दे की. अजून त्याला धड टॉवेल पकडता येत नाही, तरी त्या कंपनीची किंमत आपल्या अख्ख्या एमआयडीसीच्या वर गेलीय. मीच थोडे पैसे टाकलेत असल्या कंपन्यांच्या एका फंडात. सुतात घालून काय करू?"

"पण मग तुमच्या टेबलावर..."

"टेबल तोवर टिकलं तर यंत्र येईल ना त्याच्यावर," ते चिडून म्हणाले. "तू मजकूर कर."

मी मजकूर केला. नकार दिला असता तर शेजारच्या दुकानात झाला असता, हे वाक्य मी लहानपणापासून फुटीर कामगारांच्या तोंडून ऐकलं होतं; त्याचा अर्थ त्या दिवशी आतून कळला. हात चौकटीत. मान खाली. बोलणे बंद. दुसऱ्याचा चेहरा दिसता कामा नये.

धाकट्या मालकांनी वाचून मान डोलावली. "झकास. एकदम घोषणा वाटते. आण्णांची लेक ना!"

फ्लेक्स टांगायला मीच गेले, म्हणून पहिला दिवस मला बघायला मिळाला. एजन्सीचा माणूस आला होता. इंजिनिअरिंग झालेला, गुलबर्ग्याकडचा, पंचविशीतला. त्यानं बॅगेतून पट्टे काढून एकेकीच्या कपाळाला मोबाइल बांधले. बायका एकमेकींकडे बघून खुदुखुदु हसत होत्या. "बाशिंग बांदलं गं बया पुन्यांदा," एक म्हणाली, "नवरा तेवढा बदलून द्या." त्याच दिवशी त्यांनी त्या इंजिनिअरचं नाव पट्टेवाला ठेवलं.

काम सुरू झालं आणि लगेच अडलं. पट्टेवाला लॅपटॉपवर बघून डोकं खाजवू लागला. एकीचाही व्हिडिओ पास होईना. दर गठ्ठ्याच्या सुरुवातीला चित्र काळं होई आणि मोबाइल हले.

"मावशी, हात वर कशाला आणताय?"

"न्हाय आनला," आई म्हणाली.

"आणताय. हे बघा."

त्यानं लॅपटॉप फिरवला. सगळ्या वाकून बघू लागल्या. खरंच, दर नव्या गठ्ठ्याला आईचा हात टॉवेलला लागत होता आणि तिथून थेट कॅमेऱ्याकडे येत होता, इतका की शेवटी पडद्यावर नुसता तळवा. नमस्कार होता तो. नवा गठ्ठा पुढ्यात आला की त्याला शिवून हात कपाळाला लावायचा, ही सोलापुरातल्या कापडाच्या कामाची रीत. कुणी कुणाला शिकवत नाही. आपण ते करतो हे त्या बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आणि आता कपाळाच्या जागी कॅमेरा होता.

"तो नको करायला," पट्टेवाला ओशाळून म्हणाला. "यंत्राला कळणार नाही ते कशासाठी आहे."

"मंग शिकवा की त्याला," आई म्हणाली. "घडी शिकतंय तर ह्येबी शिकू दे."

पण त्याला तसं करता येत नव्हतं. शेवटी बायकांनी तोड काढली. सकाळी पट्टा बांधायच्या आधी सगळ्या गठ्ठ्यांना एकदमच नमस्कार. हात मात्र कितीतरी दिवस मधूनच उठायचे आणि अर्ध्यावरून परत यायचे.

गोदामात अडकलेलाच माल या कामाला काढला होता. घडी घालायची, दुसरीनं ती विस्कटून ढीग करायचा, तेच टॉवेल पुन्हा घडीला. विणीचे फासे दबले, पांढरा रंग मातकट झाला. अमेरिकेच्या न्हाणीघरात जायला निघालेले टॉवेल अक्कलकोट रोडच्या टेबलावर, अंग न पुसताच, जुने झाले.

आई घरी आली की तिच्या कपाळावर पट्ट्याचा वळ असायचा. तो मला दिसला. दुसरी गोष्ट दिसायला उशीर लागला. ती आमच्याकडे बघेनाशी झाली होती. जेवताना ताटाकडे बघून बोलायची, आण्णांना चहा देताना कपाकडे बघायची. हाक मारली की "काय?" म्हणायची, मान जागेवरच. एके दिवशी मी तिच्या हनुवटीला धरून तिचं तोंड वर केलं, लहान मुलाचं करतात तसं. तिनं माझा हात झटकला.

"सोड ते काम," मी म्हणाले.

"सोडून काय करू? तुज्या फ्लेक्सवर हात जोडून हुबी राहू?"

"त्या यंत्राला शिकवून उद्या तुलाच..."

"उद्याचं उद्या गं. मला आजच्या दिसात कोंडलंय."



पण आईचा खरा घोर स्वतःचा नव्हता. तिच्या समोर उभी राहणारी अक्का हा तिचा घोर होता. अक्का तेलुगू विणकर घरातली, आईहून थोरली. तरुणपणी यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले. तिला तुमचं बोलणं कळतं ते तुमच्या ओठांवरून. म्हणजे तिला मान वर करावीच लागते. कुणी हाक मारली, मागून गाडा आला, जेवणाची सुट्टी झाली, तिला कळायला समोरच्या बाईचं तोंड बघावं लागतं. तिनं बघितलं की तिच्या कॅमेऱ्यात आईचा चेहरा यायचा आणि व्हिडिओ बाद व्हायचा. बाद झाला की त्याचे पैसे नाहीत. पट्टेवाल्यानं सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर वरून अक्काचा पट्टा काढायला सांगतील. अक्का विधवा, एका खोलीत एकटी राहणारी. तिच्याजवळ होतं ते हे टेबल. पैशाचं म्हणत नाही मी फक्त. दुनियेशी बोलायची तिची तेवढीच जागा होती.

मार्ग अक्कानंच काढला. मागाच्या शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नाही, कान शाबूत असलेल्यांनाही नाही. त्यामुळे तिथली माणसं हातांनी बोलतात. अंगठा तर्जनीवर घासला की पगार. मूठ उलटी केली की चहा. दोन बोटं टेबलावर चालवली की मालक आला. अक्कानं ही भाषा टेबलावर आणली. हात चौकटीत हवेत ना? मग चौकटीतच बोलू या. माना खाली, ओठ मिटलेले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसणारे समोरच्या बाईचे हात. घडीची शेवटची थाप मारली की एक खूण. समोरून दुसऱ्या थापेला उत्तर.

आई घरी आल्यावर मला त्या खुणा शिकवायची. बायकांनी स्वतःच्याही पाडल्या होत्या. टॉवेलचा कोपरा दोनदा चिमटला की सासू. सपाट तळवा गोल फिरवला की आज डब्यात पिठलं. आणि तळवा उचलून कडेला नुसता हलवला की थोरले मामंजी, कारण ते काहीही केव्हाही भिरकावतात. आई हे सांगताना माझ्याकडे बघत होती. कित्येक दिवसांनी.

अक्काचे व्हिडिओ पास होऊ लागले. पट्टेवाल्याला सगळं दिसत होतं, पण तो काही बोलला नाही. एकदा तर त्यानंच टेबलाच्या टोकाला मूठ उलटी केली आणि चहा सांगून आला.

मला त्या दिवसांत फार आनंद झाला होता. आण्णांना मी म्हणाले, "बघा, यंत्राच्या नाकासमोर बोलतायत!" आण्णा म्हणाले, "बोलतायत खरं. पण माना खालीच आहेत गं."

मग कळलं की ते व्हिडिओ बघायला यंत्राआधी माणसं बसवलेली आहेत. पट्टेवाल्यानंच हे सांगितलं. पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये मुलंमुली ओळीनं बसतात, दिवसभर लोकांचे हात बघतात आणि पास-नापास करतात. त्यातल्या कुणीतरी नोंद केली होती की घडीशी संबंध नसलेल्या हालचाली फार आहेत. कंपनीनं एजन्सीला झापलं, एजन्सीनं पट्टेवाल्याला. तो टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. खुणा बंद. आणि खुणांशिवाय अक्काची मान वर जाणारच, म्हणून तिला उद्यापासून पट्टा द्यायचा नाही.

आईनं पट्टा काढून हातात घेतला आणि त्याच्याशी बोलली. तिनं एकच मागणी केली. तासाला एकदा मोबाइल बंद करा, आमाला मान वर करू द्या, एकमेकींशी बोलू द्या. मग बाकीचा वेळ आमी हातानं बोलनार न्हाय, आनि अक्कालाबी जमंल.

पट्टेवाल्यानं मागणी वर पाठवली. वरच्यानं त्याच्या वरच्याला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोबाइल मध्ये बंद करायची सोय नाही. आणि ही मागणी याआधी कुठूनच आलेली नाही.

त्या दिवशी अक्का तरीही कामावर आली. तिला सांगायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. ती आपल्या जागी उभी राहिली, नमस्कार केला, कपाळ पुढे करून पट्ट्याची वाट बघत राहिली. पट्टेवाल्यानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि तिला पट्टा बांधला. का, ते मला आजही माहीत नाही. त्याचीही नोकरीच होती ती.

पुढचं आईनं सांगितलेलं. काम सुरू झालं, काही गठ्ठे झाले आणि आईनं टॉवेल खाली ठेवला. मान वर केली. कपाळावरच्या कॅमेऱ्यासकट सरळ अक्काकडे बघितलं आणि ओठ नीट हलवत मोठ्यानं विचारलं, "अक्का, न्याहारी केलीस का गं?"

अक्का दचकली. मग म्हणाली, "केली की. कालचाच भात होता."

आणि शेजारणीनं मान वर केली. मग तिच्या शेजारणीनं. कॅमेऱ्यांत एकदम सगळ्या बायका आल्या, पट्टे बांधलेल्या, एकमेकींकडे बघणाऱ्या. कुणी रागानं बोलली नाही, घोषणा दिली नाही. नुसतं तुंबलेलं बोलणं सुरू झालं. सुनेचं, गुडघ्याचं, गॅस सिलिंडरचं. हात त्या वेळातही घड्या घालतच होते म्हणे. पट्टेवाला बाजूच्या स्टुलावर बसून राहिला.

दिवसभराचं सगळं काम बाद झालं. धाकटे मालक धावत आले. "मला संपवायला निघालात का? ही एकच ऑर्डर आहे माझ्याकडे!" ते ओरडले, आणि आई सांगते, ओरडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेबल बंद.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आण्णांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. काही झालं नाही. बंद टेबलाची बातमी कुणाला? गुंतवणूकदारांना ते टेबल माहीतच नव्हतं. थोरल्या मामंजींना तर नाहीच. पुढच्या आठवड्यात बायकांना बोलावणं आलं आणि त्या गेल्या. आईही गेली. मी दारात आडवी उभी राहिले होते. तिनं मला बाजूला केलं, रागावली नाही. "न जाऊन अक्काचं काय?" एवढंच म्हणाली.

अक्काला ठेवलंय. पण पट्टा नाही. घडी घातलेले टॉवेल विस्कटून पुन्हा टेबलावर ढीग करायचा, हे काम तिला दिलंय, निम्म्या मजुरीवर. टेबलाभोवती मान वर करून फिरायची परवानगी आता तिलाच आहे. ती एकेकीच्या तोंडाकडे बघत फिरते. आणि तिच्याकडे बघायला एकही तोंड वर नाही. मी डबा द्यायला गेले तेव्हा हे पाहिलं. तिनं मला बघून घाईनं विचारलं, "ए पोरी, काय नवीन? बोल की, बोल की."

रविवारी दुपारी मी आणि आण्णा कागद घेऊन बसलो. पहिली ओळ कुणाला? मालकाला लिहावं तर तो स्वतः अडकलेला. एजन्सी दुसऱ्याच्या हुकमाची. कंपनी समुद्रापलीकडे, तिचे मालक रोज बाजारात बदलणारे. आण्णांनी तीनदा पेन उघडलं आणि मिटलं. मी इतकी पत्रकं वाचलीत, पण कोरं पत्रक त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आई शेंगा सोलत बसली होती. परडीकडे बघतच म्हणाली, "ती पुन्याची पोरं कोन हायत, बाद करनारी?"

"असतील आपल्यासारखीच," मी म्हणाले. "शिकलेली, नोकरी नसलेली. व्हिडिओमागे पैसे मिळत असतील."

"आपल्याकडचीबी असत्याल?"

"असतील की. माढ्याची, मंद्रूपची."

"मंग त्येंनाच लिव की. आमाला रोज बघनारी तेवढीच हायत."

म्हणून हे लिहिलंय. जे पुण्यात, बंगळुरूत, कुठल्याशा हॉलमध्ये बसून दिवसभर परक्यांचे हात बघतात, मान पडद्याकडे, बोलणं बंद, त्यांच्यासाठी. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, किंवा तुमच्या घरातलं कुणी तिथे असेल तर त्याला हे वाचून दाखवा. एखाद्या व्हिडिओत टॉवेल थांबला, चित्र वर उचललं गेलं आणि समोर कपाळाला पट्टा बांधलेल्या बाईचा चेहरा आला, तर लगेच नापास करू नका. तिच्याकडे बघा. मग तुमच्या वरच्याला एक ओळ लिहा: या बायकांना तासाला एकदा मोबाइल बंद करून मान वर करू द्या. तुमच्या शेजारी बसलेल्यालाही ती लिहायला सांगा. तुमच्याकडून ती गेली, तर ही मागणी याआधी कुठूनच आलेली नाही, असं पुढच्या वेळी वरच्यांना म्हणता येणार नाही.